खुंट आणि काडी

शिकवण्याच्या व्यवसायात सुख पुष्कळ आहे. पण देवाने ते फुकट दिलेले नाही. त्याची किंमत म्हणून वह्या तपासण्याचे काम मागे लावून दिले आहे. गणपती गेले, शेतात भाताच्या लोंब्या झुकू लागल्या, की आमच्याकडे प्रकल्पांचा हंगाम सुरू होतो. मी कोकणातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि राहते वेंगुर्ल्याला. चाळीसेक वह्यांचा एक गठ्ठा दरवर्षी माझ्या टेबलावर येऊन बसतो आणि दिवाळीच्या आधी कधीतरी उठतो. घरात चकलीची भाजणी दळून आलेली असते, शेजारच्या घरून करंज्या तळल्याचा वास येत असतो, आणि मी मात्र लाल पेन हातात धरून ‘सदर व्यवसायाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ या वाक्याखाली रेघ ओढत असते.

पूर्वी या कामात निदान गंमत असे. चाळीस वह्यांत चाळीस तऱ्हेच्या चुका असत. कोणी ‘दीपस्तंभ’ हा शब्द पाच प्रकारे लिही, कोणी समुद्राचे वर्णन करता करता आपल्या आतेच्या लग्नात शिरे आणि तिथेच जेवून बाहेर पडे. चुकांवरून मी मुलगा ओळखत असे. गेल्या दोनतीन वर्षांत मात्र वह्या एकाएकी शुद्ध झाल्या. ऱ्हस्वदीर्घ जागच्या जागी, परिच्छेद समसमान, प्रत्येक मुद्दा तीन उपमुद्द्यांसह, आणि शेवटी ‘निष्कर्षतः असे म्हणता येईल की’ हे भरतवाक्य. वाचता वाचता मला वाटू लागले, की आपण चाळीस मुलांना शिकवत नसून एकाच फार हुशार, फार विनयशील आणि जरा कंटाळवाण्या मुलाला चाळीस वेळा शिकवत आहोत.

तो मुलगा कोण हे आता साऱ्यांना ठाऊक आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅट-जीपीटी नावाचे यंत्र सर्वांसाठी खुले झाले, आणि त्याच्या मागोमाग त्याची भावंडे आली. वेंगुर्ल्याच्या बाजारात मोबाइल मिळतो तसा तोही प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला. प्रश्न टाकावा, उत्तर घ्यावे. निबंध म्हणा, अर्ज म्हणा, प्रेमपत्र म्हणा. त्याला कशाचा कंटाळा नाही.

माझे काही सहकारी या गोष्टीने फार संतापतात. मुले चोर झाली, असे ते म्हणतात. मी त्यांना आमचे दिवस आठवून देते. विज्ञानाच्या जर्नलातल्या आकृत्या आम्ही कशा काढत होतो? काच आडवी ठेवायची, खाली दिवा लावायचा, वर मैत्रिणीचे जर्नल आणि त्यावर आपले कोरे पान. बेडकाचे हृदय किती पिढ्यांच्या पानांवर असे प्रकाशातून झिरपत गेले असेल! बिचाऱ्या बेडकालाही ते आपले म्हणून ओळखता आले नसते. गाइडे होती, जुन्या टिपणांच्या वह्या होत्या, आणि पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे लोकही होते. तेव्हा उसनवारीचा शोध यंत्राने लावला असे म्हणण्यात अर्थ नाही. यंत्राने ती स्वस्त केली आणि तिची लाज काढून घेतली, एवढेच. पण बिनलाजेची उसनवारी माणसाचे काय करते, ते मात्र मला यंदा एका वहीने दाखवले.

यंदा मी विषय दिला होता, ‘माझ्या परिसरातील एक व्यवसाय’. नवाबागेकडच्या एका मुलाने रापणीवर लिहिले होते. वहीत लिहिले होते, ‘रापण हा कोकण किनारपट्टीवरील एक पारंपरिक सांस्कृतिक उत्सव असून त्यात समुदायातील सर्व घटक उत्साहाने सहभागी होतात.’ मी दोनदा वाचले. रापण हे लांबच लांब जाळे आहे, हे आमच्याकडच्या मांजरालाही कळते. होडीने ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढत आणायचे. आणि या मुलाचा आजा रापणीतला, बाप रापणीतला. हा स्वतः लहानपणापासून दोराला हात लावत आलेला.

मी त्याला बोलावून विचारले, “अरे, रापण म्हणजे उत्सव?”

तो खाली मान घालून हसला. मग म्हणाला, “मॅडम, माका म्हायत आसा रापण म्हणजे काय ता. पण आमचा ता काय अभ्यासात येता?”

या उत्तराने मी गप्प झाले. त्याला मी पुढे बोलते केले तेव्हा तो सांगू लागला. पाण्याचा रंग कसा बदलतो, वर पाखरे कशी घिरट्या घालतात, त्यावरून मासळीचा थवा कुठे आहे हे तांडेल कसे ओळखतो. दोर ओढताना दोन्ही बाजू सारख्या का याव्या लागतात. ओढायला मदतीला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने का पाठवत नाहीत. आणि मोठ्या यांत्रिक नौका आल्यापासून किनाऱ्याला मासळी कशी लागत नाही. अर्धा तास तो बोलत होता आणि मी, माझ्या नकळत, टिपणे घेत होते. हे सारे त्याच्या पोटात असताना त्याने एका अशा यंत्राला विचारले, की ज्याचा पाय कधी वाळूला लागला नाही. आणि यंत्राचे उत्तर चुकीचे आहे हे कळत असूनही त्याने ते वहीत उतरवले; कारण ते शुद्ध होते, नीटनेटके होते, पुस्तकासारखे दिसत होते. आपल्याला जे ठाऊक आहे ते ज्ञान नव्हे, ज्ञान दुसरीकडे कुठेतरी असते, ही समजूत काही यंत्राने त्याला दिलेली नव्हती. ती आम्ही दिली. शाळांनी, पुस्तकांनी, परीक्षांनी. यंत्राने फक्त तिच्यावर शिक्का मारला.

नक्कल केली म्हणून दोन गुण कापता येतात. आपल्या बापाचे शहाणपण वहीत लिहिण्याच्या लायकीचे नाही असे मुलाला वाटू लागले, तर त्याचे किती गुण कापायचे आणि कोणाचे?

यंत्राची बाजूही समजून घेतली पाहिजे. ते खोटे बोलते असे लोक म्हणतात, पण खोटे बोलायलाही खरे माहीत असावे लागते. या यंत्राला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो, आणि त्यावरून एका शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, एवढे ते शिकलेले असते. इंग्रजीत मजकुराचा समुद्र आहे, मराठीत खाडी, आणि मालवणीत पावसाळ्यातला व्हाळ. जिथे पाणी कमी तिथे यंत्र थांबत नाही. ते दुसरीकडचे पाणी आणून तिथे ओतते. रापण, समुदाय, परंपरा, असे शब्द जवळजवळ आले, की पुढे ‘उत्सव’ येणार हे ओघानेच आले. आताची काही यंत्रे जाळ्यावर शोध घेऊन उत्तर देतात हे खरे. पण जाळ्यावर जे कोणी लिहिलेच नाही ते शोधून तरी कसे सापडावे?

आणि फसतात ती काही आमच्याच गावची पोरे नव्हेत. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी न्यायालयात असे सहा निवाडे दाखवले, की जे कधी झालेच नव्हते. यंत्राने ते रचून दिले होते, पक्षकारांच्या नावांसकट. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. ते परदेशातले म्हणून सोडून द्यावे, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने जे सांगितले ते पडताळल्याशिवाय जसेच्या तसे घेऊ नका, असे न्यायालयाला सांगावे लागले. शिकलेसवरलेले, पदावर बसलेले लोक जिथे ठेच खातात, तिथे अठरा वर्षांच्या मुलाला एकट्याला चोर ठरवणे मला तरी जमत नाही.

पण त्याच गठ्ठ्यात आणखी एक वही होती. ती एका मुलीची. तिची आई काजूच्या कारखान्यात जाते. या मुलीने यंत्राला ‘काजू व्यवसायावर प्रकल्प लिहून दे’ असे सांगितले नाही. तिने त्याला सांगितले, की मला आईची मुलाखत घ्यायची आहे, मी तिला काय काय विचारू ते तू मला सुचव. यंत्राने दहाबारा प्रश्न दिले. त्यांतले निम्मे तिने गाळले, काही स्वतःचे घातले, आणि रात्री चुलीपुढे बसून आईला विचारले. मजुरी कशी ठरते, वाफवलेल्या बीचे आणि भाजलेल्या बीचे काम कसे वेगळे, पाऊस लागला की कारखान्यात काय होते, सारे आईने सांगितले. हाताचे काय करतेस असे विचारल्यावर आई म्हणाली होती, “राख लावल्याशिवाय बियेक हात कसो लावतलंस गो? चीक लागलो तर कातडी जाता.”

हे सगळे मुलीने लिहून काढले, आणि मग तिला धीर होईना. आईची मालवणी कॉलेजच्या वहीत कशी द्यायची? म्हणून तिने तो मजकूर यंत्राला शुद्ध करायला दिला. यंत्राने इमानेइतबारे काम केले. आईचे वाक्य त्यातून असे बाहेर आले: ‘कामगार महिला त्वचेच्या संरक्षणासाठी पारंपरिक उपायांचा अवलंब करतात.’ चूक कुठेच नाही. पण राख गेली, चीक गेला, कातडी गेली आणि आईही गेली. मुलगी शहाणी. दोन्ही कागद घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, हे जास्त चांगलं आहे, पण हे माझ्या आईचं वाटत नाही. कुठलं देऊ?”

मी सांगितले, पहिले दे. शुद्धलेखन सुधार, आईचे वाक्य आईच्याच शब्दांत ठेव, आणि प्रश्न काढायला कोणाची मदत झाली ते शेवटी एका ओळीत लिही. आईच्या कारखान्याचे नाव आणि आईचा फोटो मात्र यंत्राला देऊ नकोस. तिने तुझ्याशी बोलायचे कबूल केले आहे, जगाशी नव्हे. आणखी एक गोष्ट तिने आपणहून केली होती, ती ऐकून मला फार बरे वाटले. यंत्राने काजूच्या सुधारित जातींची यादी दिली होती, ती घेऊन ती थेट फळ संशोधन केंद्रात गेली. यादीतली एक जात तिथल्या माणसाने कधी ऐकलीच नव्हती. तिने ती खोडली आणि यंत्राला घरी येऊन दटावलेसुद्धा. यंत्राने लगेच माफी मागितली म्हणे. ते भारी नम्र आहे. चुकायच्या आधी जरा कमी नम्र असते तर बरे झाले असते!

संशोधन केंद्राचे नाव निघाले म्हणून सांगते. आमचे वेंगुर्ले तसे लहान गाव. डचांनी सतराव्या शतकात इथे वखार घातली, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. पण शेतकऱ्यांत गावाचे नाव झाले ते १९५७ साली सुरू झालेल्या या केंद्रामुळे. वेंगुर्ला-१, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा काजूच्या जाती इथे निपजल्या आणि आमच्या गावाचे नाव आकड्यांसकट परक्या डोंगरांवर जाऊन रुजले. आणि गंमत पाहा, काजू मुळात आमचा नव्हेच. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो ब्राझीलहून आणला. ज्या हापूसवर आम्ही एवढी मिजास करतो, त्याचे नावही एका पोर्तुगीज सरदाराच्या नावावरून पडले. तेव्हा परके घेऊ नये, उसने वापरू नये, असला उपदेश कोकणच्या माणसाने तरी करू नये. आमचे अंगणच उसने आहे.

प्रश्न आहे तो घ्यायचे कसे हा, आणि तो आमच्या बागांनी कधीच सोडवलेला आहे. मराठीत लेखणीला कलम म्हणतात आणि कलमालाही कलमच म्हणतात. दोन्ही हातांनी बांधायच्या गोष्टी. आंब्याची कोय रुजवतात, तिचे तांबूस कोवळे रोप वर येते. ते मध्ये छाटून त्याला चीर देतात, हापूसच्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि वर पट्टी घट्ट गुंडाळतात. खालचे रोप तो खुंट. नाव होते काडीचे, फळ येते काडीचे. पण पाणी ओढतो खुंट, वादळात जमीन धरून राहतो खुंट. आणि नुसतीच काडी मातीत खोचली तर? ती लगेच मरत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अंगातल्या ओलाव्यावर ती काही दिवस हिरवी राहते. पाहणाऱ्याला वाटते, लागली. मग एक दिवस ओढून पाहावे, तर ती हातात येते.

पुष्कळ वह्या मला अशा हिरव्या काड्या वाटतात. गुण मिळेपर्यंत त्या हिरव्या राहतात.

या केंद्राकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. रत्ना नावाचा आंबा इथे तयार झाला, तो नीलम आणि हापूस यांच्या संकरातून. पुढे रत्ना आणि हापूस मिळून सिंधू झाला. ही कुळकथा कोणी लपवली नाही. आईबाप कोण हे सांगितल्याने रत्नाची किंमत कमी झाली नाही. उलट त्यामुळेच पुढच्या माणसाला सिंधूपर्यंत जाता आले. मुलांनी आपल्या वहीच्या शेवटी ‘हे मुद्दे मी यंत्राला विचारले, हे मी स्वतः पाहिले, हे अमक्यांनी सांगितले’ असे लिहिले, तर मी त्यांना अर्धा गुण जास्तच देईन. लपवावेसे वाटते तिथेच काहीतरी चुकलेले असते. ही कसोटी यंत्राच्या फार आधीपासूनची आहे.

आता शिक्षकांचेही थोडे. काही ठिकाणी यंत्राचे लेखन पकडायला दुसरे यंत्र ठेवतात. चोर पकडायला चोराचा भाऊ! स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली अशी सात यंत्रे तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध त्या यंत्रांनी सरासरीने ‘यंत्राचे’ ठरवले. साधे शब्द, साधी वाक्ये, एवढाच त्या मुलांचा गुन्हा. चॅट-जीपीटी काढणाऱ्या ओपन-एआय कंपनीने आपले असले साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये स्वतःच मागे घेतले. शब्दकोश उघडून, जपून जपून इंग्रजी लिहिणारी आमच्या खेड्यातली पोर अशा तराजूत घालायची, हे मला पाप वाटते. आणि नक्कल टक्क्यांत मोजायच्या जुन्या फूटपट्टीचाही इथे उपयोग नाही, कारण यंत्राचे वाक्य सहसा कुठल्या पुस्तकातून जसेच्या तसे उचललेले नसते.

मग परीक्षा घ्यायची कशी? मला तरी आमच्या दशावताराहून चांगली परीक्षा ठाऊक नाही. जत्रेच्या रात्री देवळापुढे जो खेळ होतो, त्याला लिहिलेली संहिता नसते. आज कोणते आख्यान लावायचे हे ठरते, कोणी काय व्हायचे ते ठरते, आणि मग ज्याने त्याने आपापले बोलायचे. समोरचा राक्षस काय विचारील हे राजाला ठाऊक नसते. बाकावर बसून पेटी वाजवणारा सूत्रधार हात देतो. पण संवाद मात्र ज्याचा त्याला पोटातूनच काढावा लागतो. तिथे कोणाच्या खिशातला कागद चालत नाही. कारण पुराण मुरलेले असते, म्हणून जीभ अडत नाही. यंदापासून मी प्रत्येकाला वही मिटायला लावते आणि म्हणते, आता पाच मिनिटे सांग. वही कोणी लिहिली याची मला मग फारशी चौकशी करावी लागत नाही.

रापणीच्या मुलालाही मी तसेच सांगितले. म्हटले, उत्सव खोड आणि मला जे सांगितलेस ते लिही. आठवड्याने त्याची वही आली. शुद्धलेखन पुन्हा घसरले होते, परिच्छेद लहानमोठे होते, आणि भरतीच्या वर्णनातून तो मधेच आजोबांच्या आजारपणात शिरला होता. शेवटी त्याने लिहिले होते, की सरकारी नियमांतला एक भाग कळला नाही तो यंत्राला सोपा करून विचारला, आणि मग बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, बरोबर आहे. मला वाटते, यंत्राचा याहून चांगला उपयोग एखाद्या मोठ्या विद्यापीठातही होत नसेल. कठीण कागद सोपा करून घेतला, आणि खरेखोटे मात्र समुद्रावर जाणाऱ्या माणसाकडून ठरवून घेतले.

या तालुक्याला लिहित्या हातांची वाण कधी पडली नाही. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. मंगेश पाडगांवकर १९२९ साली वेंगुर्ल्यातच जन्मले. जयवंत दळवी आरवलीचे. दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’ १९६४ साली आले. आज एखाद्याने यंत्राला ‘कोकणातली गमतीदार माणसे लिहून दे’ असे सांगितले, तर ते निमूटपणे लिहून देईल; आणि त्याला जी काही कोकणी माणसे ठाऊक असतील, ती असल्याच कोणाच्या तरी कष्टातून आलेली असतील. यंत्र आपल्याच खुंटांवर वाढते. खुंट लावणारेच उरले नाहीत, तर पुढे काडी तरी कुठली?

म्हणून हा अंक ज्या घरांत वाचला जाईल त्या घरांना माझे एक मागणे आहे. सुट्टीत पोरे घरी आली असतील, हातात मोबाइल असेल, त्यावर प्रकल्पाचे काही चालले असेल. त्यांना रागावू नका. शेव पाडता पाडता, कंदिलाला कागद चिकटवता चिकटवता त्यांना आपल्या कामातले काहीतरी सांगा. पीठ किती सैल असावे ते हाताला कसे कळते, भात कापणीला आला हे दाताखाली दाणा धरून कसे समजते, दुकानाची वही पूर्वी कशी लिहीत, मुंबईच्या गिरणीत पहिला दिवस कसा गेला. त्यांना वाटेल, हे काही अभ्यासात येत नाही. तेव्हा त्यांना सांगा, की येते. आणि एका मास्तरणीने तसे छापून कळवले आहे.